ज्याला पटत नाही त्याने लिहावं

३ मार्च

ती. दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहिलं तर तू पहिल्या ओळीतच पत्र बाजूला ठेवशील, म्हणून ते गाळते. नऊ वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. आता लिहिते आहे ती कामासाठी, भलता अर्थ काढू नकोस.

शब्दकोशाची नवी आवृत्ती निघते आहे. दुसरा खंड तीस एप्रिलला छपाईला जातो आणि त्यात ते आहे. तुझं लाडकं क्रियापद. आद्य-जर्मानिक ‘ड्रिंकन’, म्हणजे पिणे. बाकीच्या सातशे नोंदी झाल्या, प्रुफं दोनदा वाचून झाली, आणि हे एक घशात अडकलं आहे.

आपला ग्रंथपाल (तू गेल्यावर आला, तुला माहीत नसेल, चांगला आहे, फक्त हसताना खुर्ची मागे ढकलतो) काल म्हणाला, “बाई, एवढं काय? तुम्हीच लिहून टाका ना.” मोठे सर मुख्य संपादक होते ते दिवस त्याने पाहिलेले नाहीत. मग मी त्याला समोर बसवून आपल्या ऑफिसचा कायदा सांगितला. वादाची व्युत्पत्ती असेल तर दोन बाजू दोघांनी लिहायच्या, आणि ज्याला जी बाजू पटत नाही, त्यानेच ती लिहायची. पटत असलेल्याने विरोधात लिहायचं. सर म्हणायचे ना, माणूस स्वतःची बाजू मांडताना आंधळा होतो आणि दुसऱ्याची मांडताना आळशी, तेव्हा आळशाला कामाला लावा, आंधळ्याला चष्मा लावा. ग्रंथपाल म्हणाला, “म्हणजे मागच्या वेळी तुमच्या भावाची बाजू तुम्ही लिहिलीत?” मी म्हटलं, हो. “आणि हरली?” मी म्हटलं, हो. तो खुर्ची मागे ढकलायला लागला तेव्हा मी त्याला कामाला पिटाळलं.

तर झालं असं होतं, हे तुला वेगळं सांगायला नको. नऊ वर्षांपूर्वी, कोशाच्या पुरवणीच्या वेळी, तुझं म्हणणं होतं की ‘पिणे’ हे मुळात ‘ओढणे’ होतं. माझं म्हणणं होतं, मूळ माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणायला लाजू नये. मी तुझी बाजू लिहिली, तू माझी. समितीने ‘व्युत्पत्ती अज्ञात’ असा निकाल दिला. पुढच्या सोमवारी तू आला नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या लिखाणात काही उणं राहिलं होतं असं मला म्हणायचं नाही, सहा पानं व्यवस्थित होती.

आता तीस एप्रिलपर्यंत दोन्ही बाजू नव्याने टेबलावर आल्या नाहीत तर ‘अज्ञात’च छापलं जाईल. गेली आवृत्ती एकतीस वर्षं चालली. पुढची निघेल तेव्हा तू आणि मी भिंतीवरच्या फोटोत असू. म्हणून विचारते, येशील का? पूर्वीसारखंच, मी तुझी बाजू लिहीन, तू माझी. तुझी खुर्ची रिकामी आहे. म्हणजे, तिच्यावर जुनी प्रुफं ठेवतो आम्ही, पण ती उचलता येतात.

मुंगी

१७ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. पालथ्या घड्यावर पाणी घालायची मला सवय आहे, मी तुझ्या हाताखाली बावीस वर्षं काढली.

पण वहिनींचा फोन आला होता. त्यांना रागावू नकोस. त्या म्हणाल्या की तू पत्र तीनदा वाचलंस आणि बियांच्या पाकिटांच्या खोक्यात ठेवलंस. रोपवाटिकेचं बरं चाललंय हेही कळलं. आणि हे कळलं की ज्या रोपाची खात्री नसते, त्याच्या कुंडीवरच्या पाटीवर तू नावाआधी तारा काढतोस, आणि गिऱ्हाइकांना वाटतं की तारा म्हणजे उत्तम माल. मी इतकी हसले की वहिनींनी विचारलं, रडताय का.

आता खरी बातमी. तू मामाआजोबा झालास. लेकीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, नाक आपल्या घराण्याचं आहे, बिचारी. चार दिवस मी दवाखान्यातच आहे. खिडकीपाशी एक लोखंडी खुर्ची आहे, तिच्यावर बसून ‘ड’ची प्रुफं तपासते.

घोर एकच होता. बाळ दूध घेईना. तोंड लावायचं, दोनदा चुळबुळ करायचं आणि झोपून जायचं. लेक रडकुंडीला आली. मी नाही नाही त्या सूचना केल्या आणि तिने मला व्हरांड्यात काढलं. वॉर्डातली मोठी नर्स, पन्नाशीची, दंडावर घड्याळ बांधणारी, दर दोन तासांनी यायची, बघायची आणि म्हणायची, “ओढत नाहीये अजून. ओढेल.”

‘पीत नाहीये’ असं ती एकदाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी माझे कान टवकारले. मी विचारलं, बाई, तुम्ही ‘ओढत’ का म्हणता? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मलाही खाटेवर झोपवते. म्हणाली, “मग काय म्हणू?”

मग तिनेच विचारलं, दिवसभर त्या कागदांवर काय करता. मी सांगितलं. म्हटलं, फार जुन्या काळी एक जमात होती, तिने काहीच लिहून ठेवलं नाही. तिच्या पोटच्या भाषा मात्र आहेत, इंग्रजी, जर्मन आणि बाकी भावंडं. त्या भावंडांचे चेहरे समोर ठेवून आम्ही आईचा चेहरा काढतो. शब्द असा अंदाजाने उभा केला की त्याच्या डोक्यावर तारा लावतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हा कुणी पाहिलेला नाही. आणि या जमातीची एक गंमत आहे. आपण ‘पितो’, संस्कृतात ‘पिबति’, लॅटिनवालेही त्याच घरातले. सगळ्या नातेवाइकांकडे पिण्याचा एकच जुना शब्द, आणि यांनी मात्र तो टाकून भलताच उचलला. कुठून, ते कळत नाही. माझा भाऊ म्हणतो, ‘ओढणे’ अशा अर्थाच्या एका जुन्या धातूपासून, मध्ये अनुनासिक शिरून, आपल्या ‘युज्’चं ‘युनक्ति’ होतं तसं. मी म्हणते, कशावरून?

ती बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत ऐकत होती. म्हणाली, “यावर भांडलात?”

म्हटलं, नऊ वर्षं.

“आजी,” ती म्हणाली (मला, दादा, आजी म्हणाली), “जन्माला आलेलं पोर आधी ओढतं. पिणं मागाहून शिकतात. एवढं विचारायला भावाशी भांडायची काय गरज होती?” आणि दुपटी घेऊन निघून गेली.

हा पुरावा नाही, मला कळतं. नर्सच्या बोलण्यावर समिती निकाल फिरवत नाही. पण मला बरं वाटेना, आणि का वाटेना ते आत्ता लिहीत नाही.

मुंगी

२ एप्रिल

दादा,

बाळ आता असं ओढतं की लेक म्हणते, जरा दम धर गं बाई. वजन वाढलं. आम्ही घरी आलो. आता लिहायचं टाळायला कारण उरलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी तुझी बाजू लिहायला बसले, तेव्हा माझ्या खणात चौदा चिठ्ठ्या होत्या. मीच जमवलेल्या. कुठल्या कुठल्या भाषांत ‘ओढणे’ सरकत सरकत ‘पिणे’पर्यंत आलं, त्याच्या. जर्मन माणूस एका ‘ओढीत’ पेला रिकामा करतो. इंग्रजीत घोटाला जो शब्द आहे तो ओढण्याच्या घरातला. लॅटिनमध्ये प्याला ओढतात. आपल्याकडे माणूस सिगारेट ओढतो, बाळ दूध ओढतं. तुझ्या बाजूला नेमकं हेच हवं होतं. ध्वनींचं गणित तू मांडलं होतंस, लोक अडत होते ते अर्थापाशी, की ओढण्याचा आणि पिण्याचा संबंध काय. संबंध माझ्या खणात होता.

मी त्या चिठ्ठ्या घातल्या नाहीत. विसरले नव्हते. एकेक हातात घेतली, वाचली, परत ठेवली आणि खण लावला. फक्त ध्वनींचं गणित लिहिलं, तेही असं की त्यातलं भोक आधी दिसावं. सहा पानं व्यवस्थित होती असं मागे लिहिलं ना, ती व्यवस्थितच होती. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मोठ्या सरांचा कायदा मी आतून पोखरला. दुसऱ्याची बाजू मन लावून मांडायची म्हणून ती माझ्याकडे दिली होती, आणि मी ती पाडण्यासाठी मांडली.

का केलं, हे तू विचारशील. बावीस वर्षं सगळे म्हणायचे, दादा सांगतील ते खरं. एकदा तरी माझं खरं व्हावं असं वाटलं. एवढंच. मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

तू गेलास आणि मला वाटलं, तुला कळलं असणार, म्हणूनच गेलास. नऊ वर्षं मी तुला लिहिलं नाही, त्याचं कारण हे. तुझा राग मला परवडला असता. तू शांतपणे “चिठ्ठ्या कुठे आहेत?” असं विचारलं असतंस तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गेला आठवडाभर मी तुझी बाजू नव्याने लिहिली. चौदाही चिठ्ठ्या घालून, एकोणीस पानं. मन लावून. शेवटच्या पानाला आले आणि लक्षात आलं, मला पटलं आहे. अगदी पटलं आहे. म्हणजे झाली का पंचाईत. ज्याला पटतं त्याने ती बाजू लिहायची नाही, कायदा मोडून मी आणखी एक पाप करणार नाही. एकोणीस पानं बाद.

तर आता मला न पटणारा माणूस हवा आहे आणि ऑफिसात तो नाही. ग्रंथपालाला शेवटी बोलेल त्याचं पटतं. टंकलेखिका म्हणते, मला तुमच्यातलं कुणाचंच काही पटत नाही, पण मी लिहिणार नाही. आणि समितीवाले नुसते उंटावरून शेळ्या हाकतात.

हे सगळं कामाचं झालं. बाकीचं असं की तू ये. लिहायला नको असेल तर भांडायला ये. मला माफी मागायची आहे आणि ती पत्रातून मागितली की हिशोब चुकता केल्यासारखी वाटते. मला ती तुझ्यासमोर मागायची आहे.

मुंगी

११ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग टंकलेखिकेला वाचायला दिलं, कारण मला वाटलं माझे डोळे गेले. तिने मोठ्याने वाचलं:

“मुंगे, चौदा चिठ्ठ्यांचं मला तेव्हाच माहीत होतं. डिंक शोधताना खण मीच उघडला होता. पण मी गेलो तो त्यामुळे नाही. तुझी बाजू मी मन लावून लिहिली. लिहिता लिहिता मला पटलं की तुझंच बरोबर आहे, मूळ माहीत नाही. अठरा वर्षं ज्या गोष्टीवर वर्गात बोललो, ती माझी मलाच पटेना. हे कुणाला सांगायची लाज वाटली. तू चिठ्ठ्या लपवल्यास ते मला सोयीचं पडलं. रागावून जाणारा माणूस चार लोकांत शोभतो, मत बदलून जाणारा शोभत नाही. तुझ्या वहिनीलाही हे मागच्या आठवड्यातच सांगितलं. मला ओढणं-पिणं आजही पटत नाही. दादा.”

वा. शाबास. म्हणजे मी नऊ वर्षं चोरासारखी तोंड लपवून फिरले, तुझ्या जुन्या आळीतून जायचं टाळायला बसचे दोन थांबे पुढे उतरायचे, आणि तू तिकडे कुंड्यांना पाणी घालत बसलास. एक कार्ड टाकायला काय झालं होतं? अक्कल गहाण टाकली होती की लेखणी? वहिनी फोनवर म्हणाल्या, “मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, तुम्हीही चार दिवस बोलू नका.” मी म्हटलं, वहिनी, आम्ही नऊ वर्षांचं आगाऊ भरलं आहे.

राग आला, खरंच आला. दुपारभर मी प्रुफांत नको तिथे स्वल्पविराम घातले. संध्याकाळी लेकीकडे गेले आणि तिला कार्ड दाखवलं. बाळ मांडीवर होतं. लेक वाचून म्हणाली, “आई, म्हणजे तू लबाडी केलीस आणि तुझं मत बदललं नाही. मामाने प्रामाणिकपणे केलं आणि त्याचं बदललं.” मी म्हटलं, आता माझंही बदललं. ती म्हणाली, “कारण आता तू प्रामाणिकपणे केलंस.” पोरगी कुणाची, कळलं का तुला.

मग मला हसू आलं, दादा, थांबेना. बाळ दचकून जागं झालं.

आणि आता ऐक. तुला पटत नाही ना? मग कायद्याने तुझी जुनी बाजू तूच लिहायची. मी आता तुझ्या त्या जुन्या बाजूची झाले आहे, तेव्हा तिच्या विरोधात मी लिहायचं. एकोणीस दिवस उरलेत. माझी बाद पानं तुला देणार नाही, फक्त चिठ्ठ्या देईन, चौदाच्या चौदा, मोजून घे. खुर्चीवरची प्रुफं काढली आहेत.

पंचवीस तारखेला सकाळी नऊची गाडी आहे, वहिनींना विचारून घेतलं आहे. त्या तिकीट काढतील, तू फक्त बस.

मुंगी

२५ एप्रिल, सकाळचे साडेअकरा
टेबलाच्या या बाजूला

दादा,

दोघांचं लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, हाही सरांचाच नियम. तू तो अक्षरशः पाळतो आहेस. दारातून आलास, पिशवी ठेवलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात ओठांवर बोट ठेवून खुर्ची ओढलीस. माफी समोरासमोर मागायची म्हणून मी आठ दिवस घोकत होते. आता हे पत्र तुझ्याकडे सरकवते. टपालखात्याचा काही संबंध नाही.

मी चुकले. तू गेलास त्या सोमवारी मला वाटलं होतं, जिंकले. ते वाटणं जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं. सुट्टीनंतर एक अवघड नोंद आली आणि मी मान वर करून विचारलं, “दादा, हे बघ रे.” नऊ वर्षं मी अधूनमधून मान वर करत आले. तुझी आठवण येत होती, आणि नुसती कामाच्या वेळी नाही, रविवारीही यायची. हे मी बोलले असते तर मध्येच रडले असते आणि टंकलेखिकेला वर्षभराचा विषय मिळाला असता.

तू थकलेला दिसतोस. कान पूर्वीपेक्षा मोठे झालेत. चिठ्ठ्या वाचताना दोनदा मान हलवलीस ती मी पाहिली. तिसऱ्या चिठ्ठीला ‘हं’ असा आवाजही केलास, तो नियमात बसतो का ते बघावं लागेल.

आता कामाची अडचण सांगते. तुझ्या विरोधातलं माझं लिखाण चौथ्या पानावर आहे. त्या जमातीकडे ओढण्यासाठी आधीच एक चांगलं धडधाकट क्रियापद होतं, ‘ड्रागन’, त्यातून फार तर घोटाचं नाव निघालं, क्रियापद काही पिण्याकडे वळलं नाही. मग दुसरं कशाला वळेल? हा मुद्दा तुझाच आहे, मागच्या वेळचा, पण या वेळी तो मी स्वतः लिहिला आणि लिहिताना माझा हात थांबला. दादा, मला शंका यायला लागली आहे. आणि तुझा चेहरा बघता, नवव्या चिठ्ठीपाशी तू परत फिरायला लागला आहेस. असंच चाललं तर तीस तारखेपर्यंत आपण पुन्हा जागा बदलू आणि पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल. छपाईवाला आपल्याला जिन्यावरून खाली ढकलेल.

म्हणून मी नोंदीचा शेवट आत्ताच लिहून ठेवला आहे. वाच:

“मूळ अनिश्चित. ‘ओढणे’ या अर्थाच्या धातूशी संबंध जोडला जातो. या बाबतीत संपादकांपैकी एकाला तो पटतो, एकाला पटत नाही.”

कुणाला पटतो, ते लिहिलेलं नाही. छापून होईपर्यंत कोण कुठे असेल, कुणी सांगावं. पण तीस वर्षांनी कुणी हे पान उघडेल, त्याला एवढं तरी कळेल की या शब्दापाशी दोघं जण बसले होते.

चुकीचं काही वाटलं तर खुशाल खोड. बरोबर वाटलं तर खाली सही कर. मी माझी केली आहे, जरा उजवीकडे सरकून. डावीकडची जागा तुझी, मोठ्याची सही आधी असते.

मुंगी